आगीआधीचा आधार

तारा म्हटलं की मनात आधी आग येते. पण तारा जिथं घडतो ती जागा विश्वातल्या सर्वांत थंड जागांपैकी असते. तिथलं तापमान उणे 263 अंश सेल्सिअसच्या आसपास. याच्याखाली जेमतेम 10 अंश उतरलं की तापमान नावाची गोष्टच संपते. अशा गारठ्यात हायड्रोजनच्या रेणूंचा एक अफाट काळा ढग तरंगत असतो. त्यात थोडं हेलियम असतं, थोडी धूळ असते. ढग म्हणायचा तो आपल्या सोयीसाठी. एका घन सेंटीमीटरमध्ये काही शे रेणू, फार दाट भाग असला तर काही लाख. आपल्या अंगणातल्या हवेत तेवढ्याच जागेत किती रेणू असतात हे लिहायचं तर जवळपास एकावर 19 शून्यं द्यावी लागतील.

इतकी विरळ, इतकी गार वस्तू पुढं जाऊन सूर्य होते. आणि गार असते म्हणूनच होते.

उष्णता म्हणजे रेणूंची धावपळ, आणि धावपळ म्हणजे बाहेरच्या दिशेनं दाब. ढगाचं स्वतःचं वजन त्याला आत ओढत असतं, हा दाब त्याला फुगवून ठेवत असतो. तापलेल्या ढगात दाब जिंकतो आणि ढग पसरून जातो. गार ढगात मात्र कुठल्या तरी दाट कोपऱ्यात वजनाचं पारडं खाली जातं आणि तो कोपरा कोसळायला लागतो. जेम्स जीन्स या इंग्रज शास्त्रज्ञानं 1902 मध्ये हे गणित मांडलं. ढग जितका गार आणि दाट, तितका लहान तुकडासुद्धा स्वतःच्या भारानं कोसळू शकतो.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. हे गणित फळ्यावर करून दाखवता येतं. पण त्यातला गारठा माझ्या अंगात शिरला तो आमच्या शेतात, आर्वीकडं, हरभऱ्याच्या ओलिताला.

रब्बीत आमच्याकडं शेताची लाईन पाळीपाळीनं येते, आणि रात्रीची पाळी आली की ओलित रात्रीच करावं लागतं. विदर्भात शेती असलेल्या घरातल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. साप, विंचू, रानडुकरं, थंडी, सगळं त्यात आलं. बाबा आता थकले आहेत आणि भाऊ पुण्याला आहे, म्हणून सुटीच्या दिवसांत मीही त्यांच्यासोबत जाते. स्प्रिंकलर एकदा लावला की दोन-अडीच तास काही काम नसतं. मग पाईप उचलायचे, पुढच्या पट्ट्यात नेऊन जोडायचे, चिखलात अडकलेला नोझल सोडवायचा, आणि पुन्हा धुऱ्यावर येऊन बसायचं. त्या रिकाम्या तासांत वर आभाळ असतं, आणि डिसेंबर-जानेवारीत त्या आभाळात मध्यभागी मृग असतो.

शेतकऱ्याला मृग नक्षत्र कुणी शिकवावं लागत नाही. पेरणीचं सारं गणित त्यावरच. पण हे नक्षत्र जूनच्या सुरुवातीला लागतं म्हणजे काय होतं, तर सूर्य आभाळाच्या त्या भागात येतो. मृगातल्या चांदण्या तेव्हा दिवसाच डोक्यावर असतात, सूर्याच्या उजेडात बुडालेल्या. ज्या नक्षत्राच्या नावानं आपण तिफण जुंपतो ते पेरणीच्या दिवसांत दिसतच नाही. ते दिसतं थेट हरभऱ्याच्या वेळी. बाबांनी आयुष्यभर मिरगाची वाट पाहिली आहे. म्हातारीचं खाटलं (म्हणजे सप्तर्षी) आणि तिच्यामागचे तीन चोर त्यांना चांगले ठाऊक आहेत. पण समोर चार पाय पसरून उभा असलेला, पोटात बाण रुतलेला हा प्राणी म्हणजेच मिरग, हे मी दाखवलं तेव्हा ते कितीतरी वेळ वर बघत राहिले.

त्या बाणाच्या तीन चांदण्यांखाली आणखी तीन बारक्या चांदण्या उभ्या ओळीत लोंबताना दिसतात. त्यातली मधली नीट पाहिली तर चांदणीसारखी टोकदार दिसत नाही, पुसट दिसते.

"थे धुकट काय हाय?" बाबांनी विचारलं.

"तिथं तारे तयार होऊन राह्यले, बाबा."

"आता?"

"आपल्याले दिसते थे साडेतेराशे वर्साआधीचं. पन हो, अजूनही होऊनच राह्यले."

तो मृगातला मोठा तेजोमेघ. आपल्यापासून सुमारे 1,350 प्रकाशवर्षं दूर आहे आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतो. शहरातून तो शोधावा लागतो. आमच्या शेतातून तो आपोआप डोळ्यांत येतो. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ती याच अंधारासाठी. विदर्भाकडं काय नाही याच्या याद्या आपण फार ऐकतो. हा अंधार आपल्याकडं आहे, आणि तो राखायला हवा असं मला फार मनापासून वाटतं.

तर कोसळणारा तुकडा. त्याच्या मध्यभागी एक गाभा तयार होतो आणि भोवताली फिरती तबकडी. तबकडीतून गाभ्याकडं वायू येत राहतो. हा मिळवण्याचा काळ अगदी थोडका असतो, काही लाख वर्षांचा. सूर्याला पूर्ण पेटून स्थिर व्हायला सुमारे 5 कोटी वर्षं लागली, पण त्याच्या वाट्याला किती वस्तुमान येणार हे त्या सुरुवातीच्या काही लाख वर्षांतच ठरून गेलं होतं. नंतर उरलेला ढग पांगला. पुढच्या अब्जावधी वर्षांत त्यात भर पडली नाही.

इथून पुढं निसर्गाचा एक असा नियम लागतो की तो सांगताना मी वर्गात दरवेळी थोडी थांबते. आपल्या रोजच्या वस्तू उष्णता गमावली की गार होतात. स्वतःच्या वजनानं आवळत जाणारा वायूचा गोळा मात्र उष्णता गमावली की आणखी तापतो. उष्णता बाहेर गेली की दाब किंचित कमी पडतो, गोळा आणखी आत कोसळतो, आणि त्या कोसळण्यातून जी ऊर्जा सुटते तिचा निम्मा भाग प्रकाश होऊन बाहेर जातो, निम्मा आत राहून गाभा तापवतो. जितकं द्यावं तितकं तापावं, आणि जितकं तापावं तितकं जास्त द्यावं. गोळा थांबू शकत नाही. त्याला कुणीतरी थांबवावं लागतं.

सूर्याला थांबवलं हायड्रोजननं. गाभ्याचं तापमान वाढत गेलं आणि हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांत मिसळून हेलियम होऊ लागली. आज तिथं सुमारे दीड कोटी अंश तापमान आहे. दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजन खर्ची पडतो, आणि त्यातलं 40 लाख टनांहून थोडं जास्त वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. हे आकडे मोठे आहेत, मुलांच्या वह्यांत ते ठळक अक्षरांत असतात. पण माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट आकड्यांच्या मागं आहे. हायड्रोजन पेटल्यावर नेमकं झालं काय? आवळणं थांबलं. जेवढी ऊर्जा बाहेर जाते तेवढी आत तयार होऊ लागली, आणि सूर्य उभा राहिला. 460 कोटी वर्षं तो तसाच उभा आहे. आग ही त्याच्या पडण्याला लागलेली टेकू आहे. आपल्याला मिळणारा उजेड, ऊन, हरभरा, पऱ्हाटी हे सगळं त्या टेकूचं देणं आहे.

आता प्रश्न असा की वस्तुमान थोडं मिळालेल्या तुकड्याचं काय होतं. तोही आवळतो, तोही तापतो. मग तोही उशिरा का होईना पेटणारच, असं वाटेल. तसं होत नाही. 1962-63 च्या सुमारास शिव कुमार नावाच्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानं अमेरिकेत हे गणित केलं. त्याच काळात जपानमध्ये हायाशी आणि नाकानो यांनीही स्वतंत्रपणे केलं. उत्तर असं निघालं की सूर्याच्या वस्तुमानाच्या साधारण 7 ते 9 टक्क्यांखाली असलेला गोळा हायड्रोजनच्या आगीपर्यंत पोचतच नाही. तो वाटेतच थांबतो. त्याला थांबवणारं दुसरंच काही तरी असतं.

ते दुसरं म्हणजे इलेक्ट्रॉन. वोल्फगांग पाउलीनं 1925 मध्ये सांगितलं की दोन इलेक्ट्रॉन अगदी एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. वायू खूप दाबला की कमी वेगाच्या सगळ्या जागा भरून जातात. नव्या इलेक्ट्रॉनाला मग नाइलाजानं जास्त वेगाची जागा घ्यावी लागते, आणि त्या वेगातून दाब तयार होतो. हा दाब उष्णतेचा नसतो. वस्तू थंडगार झाली तरी तो कमी होत नाही.

हे समजावताना मला कापसाची बंडी आठवते. कापूस न्यायचा असला की घरातल्या आम्हा सगळ्या पोरांना बंडीत चढवत, तुडवायला. सुरुवातीला पाय गुडघ्यापर्यंत आत जाई. वरून टोपल्यावर टोपल्या कापूस पडत राही आणि आम्ही नाचत राहू. हळूहळू पाय घोट्यापर्यंतच जाई. मग एक वेळ अशी येई की पायाखाली जमीन लागल्यासारखं वाटे. कितीही उड्या मारल्या तरी पाय आत शिरत नसे. दुपारचं ऊन असो की सकाळची थंडी, त्यात काही फरक पडत नसे. आतली जागाच सरलेली असे. कमी वस्तुमानाच्या गोळ्याचं असंच होतं. वजन आहे, पण इलेक्ट्रॉनांनी धरलेल्या जागेपुढं ते कमी पडतं. आवळणं थांबतं. गाभ्याचं तापमान एका उंचीपर्यंत चढतं आणि मग उतरायला लागतं, कारण आता उष्णता गमावली की गोळा खरोखरच गार होतो. तो उलटा नियम तिथं संपलेला असतो.

याच इलेक्ट्रॉनांच्या दाबावर सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी 1930 मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर काम केलं होतं. श्वेत बटू, म्हणजे आग संपलेल्या ताऱ्यांचे उरलेले दाट गाभे, याच आधारावर उभे असतात, आणि सूर्याच्या सुमारे 1.4 पट वस्तुमानाच्या वर हा आधार मोडतो, हे त्या कामातून निघालं. चंद्रशेखर यांनी आधार कुठं मोडतो ते दाखवलं. कुमार यांनी तो आगीच्या आधी कुठं उभा राहतो ते दाखवलं. पहिलं नाव आपल्या शाळकरी मुलांनाही माहीत असतं. दुसरं नाव त्यांच्या शिक्षकांनाही क्वचितच माहीत असतं, आणि याचं मला वाईट वाटतं.

या गोळ्यांना तपकिरी बटू म्हणतात. 1975 मध्ये जिल टार्टर यांनी हे नाव सुचवलं. पुस्तकांतून, व्हिडिओंतून त्यांची ओळख बहुतेक वेळा तारा व्हायला निघालेला पण न झालेला, अर्ध्यावर राहिलेला, असफल तारा अशी करून दिली जाते. मला ही ओळख मान्य नाही. हळवेपणानं मी हे म्हणत नाही. वर जे गणित सांगितलं त्यातूनच हे निघतं. तारा पेटतो तो उजळायचं ठरवून पेटत नाही. तो पडत असतो, आणि पडणं थांबवायला त्याला दुसरं काही सापडत नाही म्हणून तो आपल्या पोटातला हायड्रोजन खर्चू लागतो. तपकिरी बटूला आगीची गरज पडण्याआधीच उभं राहायला जागा सापडते. त्याचा आधार कधी संपणाराही नाही. हायड्रोजन संपेल, पण इलेक्ट्रॉनांना एकमेकांची जागा घेता येत नाही हा नियम संपणार नाही.

धुऱ्यावर मी हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "काही म्हन बाई, उजेडच नाई तं तारा कायचा?"

"उजेड हाय ना, बाबा. कमी हाय."

"कोठून येते मंग? पेटला तं नाई."

हा प्रश्न अगदी नेमका होता, आणि त्याचं उत्तर देताना मला लॉर्ड केल्विन आठवले. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि केल्विन यांचं म्हणणं असं होतं की सूर्य नुसता आवळण्यातून मिळणाऱ्या उष्णतेवर तळपतो. तसं असतं तर सूर्याचं आयुष्य दोन-चार कोटी वर्षांच्या घरात भरतं, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून कितीतरी म्हातारे निघाले. 1920 मध्ये आर्थर एडिंग्टन यांनी हायड्रोजनपासून हेलियम होण्याची शक्यता मांडली. सिसिलिया पेन यांनी 1925 मध्ये तारे मुख्यतः हायड्रोजनचे असतात हे दाखवून दिलं. केल्विन यांचं उत्तर सूर्यापुरतं बाद झालं. पण तपकिरी बटू नेमके याच रीतीनं प्रकाशतात. सुरुवातीच्या कोसळण्यात जी ऊब जमा झाली ती ते अब्जावधी वर्षं हळूहळू बाहेर देत राहतात. नवे असताना ते लालसर आणि बऱ्यापैकी उजळ असतात. पुढं त्यांचा प्रकाश डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत सरकत जातो.

आणि अजिबात पेटत नाहीत असंही नाही. गुरू ग्रहाच्या 13 पटींपेक्षा जास्त वस्तुमान असेल तर त्यांच्या गाभ्यात ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन जळतो. तो साठा अगदी थोडा असतो, लवकर सरतो. गुरूच्या सुमारे 65 पटींच्या वर लिथियमही जळून जातं. साधा हायड्रोजन टिकून जळण्याची हद्द गुरूच्या 75 ते 80 पट वस्तुमानाच्या आसपास आहे. (सूर्य म्हणजे सुमारे 1,047 गुरू.) सर्वांत जास्त ओढ मला वाटते ती या हद्दीच्या अगदी काठावरच्यांची. त्यांच्या गाभ्यात हायड्रोजनसुद्धा धुमसायला लागतो, काही अब्ज वर्षं धुमसतो, पण त्यातून येणारी ऊर्जा बाहेर जाणाऱ्या ऊर्जेला कधीच गाठत नाही. शेवटी तापमान उतरतं आणि ती आग विझते. हद्दीच्या किंचित वर असलेला मात्र गाठतो, आणि मग त्याचं आयुष्य कल्पनेपलीकडं लांबतं. ट्रॅपिस्ट-1 हा तारा आपल्यापासून सुमारे 40 प्रकाशवर्षांवर आहे. वस्तुमान सूर्याच्या 9 टक्के, आकार गुरूपेक्षा थोडाच मोठा, आणि भोवती पृथ्वीच्या आसपासच्या आकाराचे 7 ग्रह. तो काही लाख कोटी वर्षं जळत राहील.

याच्या उलट टोकाला मृगातलीच काक्षी आहे, ती तांबूस ठळक चांदणी. सूर्याच्या दहा पटींहून जास्त वस्तुमान मिळालं, जोरात पेटली, आणि एक कोटी वर्षांच्या आसपास वय होतं न होतं तोच तिचं आयुष्य संपत आलं आहे. एक दिवस तिचा स्फोट होईल. म्हणून भरपूर मिळालेला आणि भडकून पेटलेला तो यशस्वी, हे मोजमाप मला आभाळाकडं बघताना लावावंसं वाटत नाही.

गणित 1963 मध्ये झालं तरी तपकिरी बटू प्रत्यक्ष सापडायला तीस वर्षं लागली. मंद वस्तू शोधायची तर ती तरुण असताना शोधावी, तेव्हा ती अजून ऊबदार असते. म्हणून शोध कृत्तिकांमध्ये सुरू झाला. कृत्तिकांचा पुंजका आपल्या सूर्याच्या मानानं अगदी कोवळा आहे, दहा-बारा कोटी वर्षांचा. कॅनरी बेटांवरच्या वेधशाळेतून रेबोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथं टेइदे-1 सापडला, आणि तो शोध सप्टेंबर 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. खरा तारा नसल्याची ओळख त्यांनी लिथियमवरून पटवली. तो आतून पुरेसा तापला असता तर लिथियम उरलंच नसतं; त्याच्यात ते शाबूत होतं.

पुढच्याच महिन्यात, इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या परिषदेत, ग्लीझ 229 बी जाहीर झाला. शोधणाऱ्यांत नाकाजिमा होते, ओपेनहायमर होते आणि श्रीनिवास कुलकर्णी होते. कुलकर्णींचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, बालपण हुबळीचं. एका लाल ताऱ्याच्या शेजारी, 19 प्रकाशवर्षांवर, अगदी मंद असा एक ठिपका. त्याच्या प्रकाशात मिथेनच्या खुणा होत्या. ताऱ्याच्या उष्णतेत मिथेन टिकत नाही. म्हणजे हा तारा नव्हता, आणि गुरूच्या कितीतरी पट जड होता म्हणून ग्रहही नव्हता. त्याच परिषदेत मेयर आणि केलो यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह जाहीर केला, आणि जगाचं लक्ष साहजिकच तिकडं जास्त गेलं.

त्यानंतर तपकिरी बटू सगळीकडं सापडू लागले. 2013 मध्ये केविन लुमन यांना एक जोडी सापडली, फक्त साडेसहा प्रकाशवर्षांवर. आपल्याला याहून जवळ दोनच तारका-परिवार आहेत. इतके शेजारी असून तोवर कुणाच्या लक्षात आले नव्हते. त्यांच्यावर ढग आहेत, ते ढग फिरतात, आणि त्यातल्या एकाच्या ढगांचा ढोबळ नकाशाही पुढच्याच वर्षी तयार झाला. ढग पाण्याचे नव्हेत. अशा तापमानाला वाळूतली खनिजं आणि लोखंड यांचेच ढग बनतात. 2014 मध्ये लुमन यांनाच त्याहून विलक्षण एक सापडला, सुमारे साडेसात प्रकाशवर्षांवर. त्याच्या तापमानाचा पहिला अंदाज होता उणे 48 ते उणे 13 अंश. पेटण्याची वाट धरलेली एक वस्तू, आणि तिचा पृष्ठभाग बर्फाइतका गार.

बाबांचा दुसरा प्रश्न होता, "याईलेच कमी कायले भेटलं?"

याचं एक उत्तर नाही. काही तुकडे मुळातच लहान होते. ढगातल्या उलटसुलट वाऱ्यांनी एवढाच कोपरा दाट केला होता. काहींच्या शेजारी एखादा प्रचंड तारा आधी पेटला आणि त्याच्या प्रखर किरणांनी यांच्याभोवतीचा वायू उडवून लावला. काही जण एकाच ढगात तीन-चार भावंडांसोबत जन्मले, आणि एकमेकांच्या ओढाताणीत सर्वांत हलकं होतं ते बाहेर फेकलं गेलं, जिथं मिळवायला काही उरलं नव्हतं. ही तिन्ही कारणं शास्त्रज्ञांनी मांडली आहेत आणि कुठलं किती लागू पडतं यावर अजून काम चालू आहे. अनेक तरुण तपकिरी बटूंभोवती ताऱ्यांसारख्याच धुळीच्या तबकड्या दिसल्या आहेत, म्हणजे त्यांचा जन्म ताऱ्यांसारखाच होतो हे बहुतेकांना मान्य आहे. तिन्ही कारणांत एक गोष्ट सारखी आहे. तुकड्याच्या अंगचा काही दोष नाही. त्यातला हायड्रोजन तोच आहे जो सूर्यात आहे.

बाबा यावर काही बोलले नाहीत. पाईप बदलायची वेळ झाली होती. उजेडाशिवाय तारा नाही या आपल्या मतावर मात्र ते ठाम आहेत, आणि आमचा हा वाद दर हिवाळ्यात पुढं चालू राहतो.

मला त्यात नवा मुद्दा मिळाला तो 2024 च्या ऑक्टोबरमध्ये. ग्लीझ 229 बीबद्दल एक कोडं होतं. शेजारच्या ताऱ्यावरच्या त्याच्या ओढीवरून वस्तुमान मोजलं तर ते गुरूच्या सुमारे 71 पट भरे, म्हणजे जवळपास हायड्रोजनच्या हद्दीवर. एवढ्या वस्तुमानाचा गोळा या वयातही बऱ्यापैकी उजळ असायला हवा. हा फारच मंद होता. कुणी म्हणे आपलं गार होण्याचं गणित चुकलं, कुणी म्हणे मोजमाप चुकलं. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींनी नीट पाहिल्यावर तो एक नव्हताच असं कळलं. ते दोन आहेत, गुरूच्या सुमारे 38 आणि 34 पट वस्तुमानाचे, एकमेकांपासून पृथ्वी-चंद्र अंतराच्या साधारण 16 पट अंतरावर, आणि 12 दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करणारे. दोन हलके गोळे मिळून एका जड गोळ्यापेक्षा मंदच दिसणार. गणित बरोबर होतं. जवळजवळ तीस वर्षं ज्याला एकच गोळा समजत होते, त्याच्यात पेटण्याच्या काठाच्या बऱ्याच अलीकडं आपापल्या आधारावर उभे असलेले दोघं निघाले.

ते दोघं घरच्या दुर्बिणीतून दिसणार नाहीत, पण ज्या लाल ताऱ्याच्या सोबतीला ते आहेत तो दिसू शकतो. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडं तोंड करून व्याध शोधा. आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा तो, चुकणार नाही. त्याच्या उजवीकडं आणि थोडं खाली, मृगाच्या पायांखाली असलेल्या शशक तारकासमूहाच्या हद्दीत ग्लीझ 229 आहे. तो आठव्या प्रतीचा असल्यानं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. 50 मिलिमीटरची साधी द्विनेत्री दुर्बीण आणि चंद्र नसलेली रात्र पुरते. नकाशा किंवा मोबाईलमधलं आकाशाचं ॲप मात्र सोबत हवं, कारण त्या भागात तेवढ्याच तेजाचे इतर तारे बरेच आहेत आणि नकाशाशिवाय त्यातला नेमका कोणता हे कळत नाही.